हेडफोन लाखाचा, वायर कितीची?

आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की शेंदूरजनाघाटात शांतता शोधावी लागते. संत्र्याच्या गाड्या भरत असतात, ट्रॅक्टरची ये-जा असते, बोअरची मोटार चालू असते, वर कुठल्या तरी कार्यक्रमाचा भोंगा. सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याच्या कलमांसाठी नावाजलेल्या या गावात कुणाला मन लावून गाणं ऐकायचं असेल, तर बाहेरचा गलका बाहेरच ठेवणारा हेडफोन हवा. अशा बंद पाठीच्या हेडफोनला क्लोज्ड-बॅक म्हणतात. त्यातले वरच्या दर्जाचे नग लाख-दोन लाखांच्या घरात जातात. एवढा खर्च झाला की लगेच पुढचा सल्ला येतो, "आता वायर बदला, आवाज खुलतो!"

खरंच खुलतो? खिशात हात घालण्याआधी या काही मजेदार आणि कामाच्या गोष्टी वाचा.

१. जन्म स्वयंपाकघरात

आजच्या हेडफोनचा पूर्वज अमेरिकेतल्या युटा राज्यात एका घराच्या स्वयंपाकघरात तयार झाला. नॅथनिएल बाल्डविन यांनी तो हाताने बनवला आणि १९१०मध्ये अमेरिकी नौदलाकडे पाठवला. तो बिनतारी संदेश ऐकण्यासाठी होता, गाण्यांसाठी नव्हे. गाणं स्टिरिओत कानावर आलं ते १९५८मध्ये, मिलवॉकीच्या जॉन कॉस यांच्या एसपी/३ या हेडफोनमुळे. हा हेडफोन मुळात एका पोर्टेबल फोनोग्राफची जोडवस्तू होता. फोनोग्राफ मागे पडला आणि जोडवस्तूने कंपनी मोठी केली.

२. पाठ बंद कशाला?

हेडफोनमधला पडदा पुढे हलतो तेव्हा मागेही हलतो. म्हणजे जेवढा आवाज कानाकडे जातो, तेवढाच मागे फेकला जातो. पाठ उघडी असेल तर तो हवेत निघून जातो आणि गाणं मोकळं, ऐसपैस वाटतं. पण मग बाहेरचं सगळं आत येतं आणि आतलं शेजाऱ्याला ऐकू जातं.

ध्वनिमुद्रणात ही गळती चालतच नाही. गायकाच्या कानातला ठेका माइकमध्ये शिरला तर टेक वाया जातो. 'लगान' (२००१) चित्रीकरणाच्या जागीच आवाज टिपून, म्हणजे सिंक साउंडने, बनला. त्याच्या ध्वनीसाठी नकुल कामटे आणि एच. श्रीधर यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अशा कामात ध्वनिमुद्रकाला माइकमध्ये काय येतंय तेच ऐकू यायला हवं, आजूबाजूचा गलबला नको. बंद पाठीचे हेडफोन याच गरजेतून स्टुडिओत रुजले.

३. मागच्या लाटेचा बंदोबस्त

खरी कसोटी इथे आहे. पाठ बंद केली की मागे गेलेला आवाज कपावर, म्हणजे कान झाकणाऱ्या वाटीवर, आदळून परत येतो आणि मूळ आवाजात मिसळतो. मग गाणं डब्यात वाजल्यासारखं होतं. महागड्या क्लोज्ड-बॅकमध्ये तुम्ही या परतणाऱ्या लाटेला आवरण्याचेही पैसे देता. प्रत्येक कंपनीची कारागिरी आणि युक्ती वेगळी आहे:

• डेनॉनच्या एएच-डी९२००चे कप जपानमधल्या कोची प्रांतातल्या बांबूचे आहेत.

• फोस्टेक्सच्या टीएच९००वर उरुशी या पारंपरिक जपानी लाखेचा लेप असतो.

• सेनहायझरच्या एचडी ८२०ला (२०१८) पाठीमागे चक्क काच आहे, तीही मोबाइलच्या स्क्रीनवर असते तशी गोरिला ग्लास. तिचा आकार आत वळलेला आहे. त्यामुळे लाट बाजूला वळते आणि कडेच्या शोषक कप्प्यांत जिरते.

• सोनीच्या एमडीआर-झेड१आरमध्ये (२०१६) ७० मिलिमीटरचा भलामोठा ड्रायव्हर, म्हणजे पडदा हलवून आवाज काढणारा भाग, आहे आणि पडद्यासमोरची जाळी फिबोनाची नक्षीची.

• डॅन क्लार्क ऑडिओच्या स्टेल्थमध्ये (२०२१) ड्रायव्हर आणि कान यांच्यामध्ये बारीक नळ्या-कप्प्यांची खास रचना आहे. उंच पट्टीतले नकोसे नाद ती नेमके गिळते.

या कंपनीची सुरुवातही ऐकण्यासारखी आहे. डॅन क्लार्क आधी फोस्टेक्सचा टी५०आरपी हा स्वस्तातला हेडफोन घेऊन त्यात सुधारणा करून विकत. पुढे त्यांनी कपसुद्धा थ्री-डी प्रिंटरवर छापले. त्यांचं लक्ष पहिल्यापासून कपावर आणि कप आतून कसा भरला आहे यावर होतं.

४. किंमत वाढली, आवाज सुधारला?

संशोधक येरून ब्रेबार्ट यांनी २०१७मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापं त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. कोणता सूर किती जोरात वाजतो याचा आलेख आणि हेडफोनची किंमत यांत त्यांना काहीच नातं सापडलं नाही. महाग हेडफोनमध्ये टिकाऊपणा, साहित्य, आराम, बारकावे यांचे पैसे असतात आणि ते रास्तही असू शकतात. पण किमतीचा आकडा पाहून आवाजाचा दर्जा ठरवता येत नाही.

५. आपला कानही ॲम्प्लिफायर

माणसाच्या कानाची नळी साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप वाढवते. कान झाकणाऱ्या हेडफोनमध्ये हा हिशेब बिघडतो, म्हणून चांगल्या हेडफोनला त्या पट्ट्यात मुद्दाम थोडा उठाव द्यावा लागतो. हार्मन कंपनीतले शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी कोणता आवाज कुठला ते न सांगता लोकांना निरनिराळे आवाज ऐकवले आणि बहुतेकांना आवडेल असा आलेख तयार केला. अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि चीन इथल्या श्रोत्यांची आवड बरीचशी सारखी निघाली. देश बदलला तरी चांगल्या आवाजाबद्दलचा कौल फारसा बदलला नाही.

मोजमाप कुणावर करतात? पुतळ्यावर. केमार नावाचा हा पुतळा १९७२पासून वापरात आहे. त्याला रबरी कान आहेत आणि त्यांच्या आत माइक.

६. चष्मेवाल्यांनी आधी हे वाचा

बंद हेडफोनचा खर्ज, म्हणजे बेस, गादी कानाभोवती किती घट्ट बसते यावर अवलंबून असतो. चष्म्याची दांडी, जाड वेणी, दाट दाढी, यांतल्या कशानेही फट राहिली की तिथून हवा निसटते आणि बेस पातळ होतो. लाखाच्या हेडफोनमध्ये तबल्याचा डग्गा पोकळ वाटला तर आधी चष्मा काढून ऐका. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो.

गादी झिजली की आवाजही बदलतो, कारण कान आणि ड्रायव्हर यांच्यातलं अंतर कमी होतं. नवी मूळ गादी ही हेडफोनसाठीची सगळ्यांत फायद्याची खरेदी आहे.

७. परीक्षेचा पेपर वऱ्हाडाचाच

हेडफोन तपासायला परदेशी जॅझच लावायला हवं असं नाही. आपल्याकडे उत्तम सामग्री आहे.

खंजिरी: राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा जन्म आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. त्यांची खंजिरी भजनं वऱ्हाडात कोणाला ठाऊक नाहीत? खंजिरीच्या झांजा उंच पट्टीत वाजतात. चांगल्या हेडफोनमध्ये प्रत्येक झंकार सुटा ऐकू येतो आणि विरतो. वाईट हेडफोनमध्ये तो कानाला टोचतो किंवा नुसता 'छस्स' होतो. भजन अलीकडच्या ध्वनिमुद्रणातलं निवडा. जुन्या मुद्रणात उंच सूर मुळातच कमी असतात.

स आणि श: सुरेश भट अमरावतीचे, जन्म १९३२. त्यांच्या गझला हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींत लता-आशांनी गायल्या आहेत. त्या ऐकताना 'स', 'श', 'च' या अक्षरांकडे कान द्या. ही अक्षरं सापासारखी फुत्कारली तर हेडफोनचा उंच पट्टा बिघडलेला आहे.

मोठा वाद्यमेळ: 'सैराट'च्या (२०१६) संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा बसवून मुद्रण केलं. व्हायोलिनांचा ताफा, पितळी वाद्यं, मागे ढोल. बंद हेडफोनमध्ये हे सगळं एका गोळ्यात होतं की वाद्यं आपापल्या जागी दिसतात? याच मुद्द्यावर चांगला आणि सुमार हेडफोन वेगळे पडतात.

तंबोरा: शास्त्रीय गायनाच्या मागे सतत झंकारणारा तंबोरा ऐकू येतो का, की गायक सुरू झाला की गायब होतो? कपातून परतणारा आवाज आवरला नसेल तर तंबोरा पहिल्यांदा बुडतो.

८. आता वायरकडे: मोटारीची केबल आणि हेडफोनची केबल

वरुड-मोर्शीच्या शेतकऱ्याला वायरचं गणित शिकवायची गरज नाही. पाणी खोल गेलंय, बोअर खोल गेली. ५ एचपीची थ्री-फेज मोटार साधारण ७-८ अँपिअर ओढते. २०० मीटर लांब आणि २.५ स्क्वेअर एमएमची केबल टाकली तर वाटेतच १५ ते २० व्होल्ट खर्ची पडतात. म्हणून आपण तिथे ४ स्क्वेअर एमएमची केबल घेतो, आणि ते अगदी बरोबर आहे.

हेडफोनला हाच हिशेब लावून पाहू. फोकलचा स्टेलिया (२०१९) हा बेरिलियमच्या पडद्याचा, बाजारात आला तेव्हा सुमारे ३,००० डॉलरचा हेडफोन. त्याचा रोध ३५ ओहम. १ मिलिवॉटमध्ये तो १०६ डेसिबलपर्यंत जातो, म्हणजे कानाला इजा व्हावी इतका. त्यासाठी लागतो फक्त ५ मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह. दीड मीटर लांब, ०.२ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन रोध होतो साधारण पाव ओहम. वाटेत खर्ची पडतो दीड मिलिव्होल्टपेक्षाही कमी दाब.

मोटारीला वायर महत्त्वाची, कारण प्रवाह मोठा आणि अंतर लांब. हेडफोनमध्ये दोन्ही नाहीत.

९. चांदी, सोनं आणि 'शुद्ध' तांबं

चांदी तांब्यापेक्षा वीज चांगली वाहते, हे खरं. पण फरक सुमारे ६ टक्क्यांचा. वरच्याच उदाहरणात तांब्याऐवजी चांदीची वायर लावली तर आवाज वाढेल ०.००४ डेसिबलने. तरबेज कानालाही ०.२ डेसिबलच्या खालचा फरक ओळखणं अतिशय कठीण.

सोनं? वाहकतेत ते तांब्याच्या मागे आहे. पिनेवर सोन्याचा मुलामा देतात कारण सोनं गंजत नाही आणि काळं पडत नाही. पावसाळी दमट हवेत त्याचा फायदा खरा आहे, पण तो संपर्क टिकण्याचा. आवाज उजळण्याशी त्याचा संबंध नाही.

ऑक्सिजन-फ्री कॉपर म्हणून जे मिरवलं जातं, त्याची शुद्धता ९९.९९ टक्के, तर वीजकामाच्या नेहमीच्या तांब्याची ९९.९ टक्के. वाहकतेतला फरक साधारण एक टक्का.

    

१०. 'स्किन इफेक्ट'चा बाऊ

"उंच सूर वायरच्या पृष्ठभागावरून धावतात, म्हणून खास विणीची केबल हवी," असं सांगितलं जातं. हा परिणाम खरा आहे. पण २०,००० हर्ट्झलाही विद्युतप्रवाह तांब्यात जवळजवळ अर्धा मिलिमीटर आत शिरतो. हेडफोनच्या वायरची त्रिज्या त्याहून कमी असते. म्हणजे प्रवाह पूर्ण वायर वापरतो, वीण कशीही असो.

११. सव्वाशे वर्षांहून जुनी पिन

मोठ्या हेडफोनची ६.३५ मिलिमीटरची जाडजूड पिन एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या फळ्यांवरून आली. ऑपरेटर ती या भोकातून त्या भोकात घालून दोन घरं जोडत असे. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२मध्ये सुरू झालं, त्याच जमान्यातली ही रचना. इतकी वर्षं ती टिकली, कारण ती मजबूत आहे आणि पटकन लागते.

१२. बॅलन्स्ड केबलची गंमत

४.४ मिलिमीटर पिनेची बॅलन्स्ड केबल, म्हणजे दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारी, लावली आणि आवाज एकदम जिवंत झाला, असा अनुभव पुष्कळ जण सांगतात. तो खोटा नाही, कारण वेगळं आहे. बॅलन्स्ड आउटपुटमधून बऱ्याच यंत्रांत दुप्पट व्होल्टेज मिळतं, म्हणजे आवाज ६ डेसिबलने वाढतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच दाखवून दिलं की आवाज मोठा झाला की कानाला खर्ज जास्त भरलेला वाटतो. श्रेय ॲम्प्लिफायरचं आणि व्हॉल्यूमचं. वायर फक्त निमित्त.

१३. दहा लाख डॉलर पडून राहिले

अमेरिकन जादूगार जेम्स रँडी यांनी २००७मध्ये जाहीर आव्हान दिलं: हजारो डॉलरची स्पीकर केबल आणि साधी चांगली केबल, न पाहता, नुसत्या कानाने ओळखा आणि १० लाख डॉलर घ्या. बोलणी झाली, पण परीक्षा झालीच नाही. पैसे कुणालाच मिळाले नाहीत.

त्याच वर्षी बोस्टनच्या मेयर आणि मोरान यांनी एका वेगळ्या परीक्षेचा निकाल प्रसिद्ध केला: हाय-रेझोल्यूशन मुद्रण आणि तेच मुद्रण साध्या सीडीच्या दर्जावर आणलेलं. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर उत्तर आलं. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं.

१४. वायर बदलणं कधी शहाणपणाचं?

वायर कधीच बदलू नये असं अजिबात नाही. या वेळी जरूर बदला:

• "भाऊ, एकाच कानात आवाज येऊन राह्यला" अशी वेळ आली तर. वायर पिनेपाशी तुटते. सुटी निघणारी केबल असेल तर नवी लावा. पक्की असेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून नवी पिन सोल्डर करून घ्या.

• लांबी चुकीची असेल तर. ३ मीटरची केबल खिशातल्या फोनला लावून फिरणं त्रासाचं.

• कपड्याला घासली की कानात खरखर येत असेल तर. मऊ, कापडी आवरणाची केबल हा त्रास खरोखर कमी करते.

• केबल जड, ताठ, गुंता होणारी असेल तर. मानेला आराम हीसुद्धा सुधारणाच.

• तुमच्या यंत्राला वेगळी पिन लागत असेल तर. आधी डबा तपासा. स्टेलियाच्या डब्यातच १.२ मीटरची साधी आणि ३ मीटरची बॅलन्स्ड अशा दोन केबल येतात.

• कानात घालायचे, एका कानात अनेक ड्रायव्हर असलेले इअरफोन असतील तर. त्यांचा रोध काही सुरांना फार खाली उतरतो. तिथे फार बारीक, जास्त रोधाची वायर आवाजाचा तोल थोडा हलवू शकते. वायरमुळे मोजता येईल असा फरक पडण्याची ही खरी जागा. त्यावर उपाय कमी रोधाची साधी वायर. तिला चांदी लागत नाही.

आणि एक उदाहरण लक्षात ठेवा: सोनीचा एमडीआर-७५०६ हा बंद पाठीचा हेडफोन १९९१पासून जगभरच्या स्टुडिओंत आहे. त्याची वायर सुटी निघतच नाही.

१५. घरातली परीक्षा, खर्च शून्य

दोन केबल घ्या. डोळ्यांवर रुमाल बांधा. पोरापोरींपैकी कुणालाही नाणं उडवून केबल बदलायला सांगा. कोणती लावली ते त्यांनी कागदावर लिहायचं आणि तोंडाने काही बोलायचं नाही. केबल बदलली नाही तरी हेडफोन काढून परत घालायचा, म्हणजे हाताच्या हालचालीवरून अंदाज येणार नाही. गाणं तेच, व्हॉल्यूम तोच, दोन्ही केबल एकाच प्रकारच्या पिनेच्या. असं १० वेळा करा.

नुसत्या अंदाजानेही साधारण ५ उत्तरं बरोबर येतात. ९ किंवा १० बरोबर आली तर मात्र मानायला हवं, कारण तुक्क्याने तसं होण्याची शक्यता शंभरात साधारण एक. मग वायर खुशाल घ्या. तुमच्या कानांनी ती कमावली.

१६. सगळ्यांत महाग भाग

हेडफोनचा ड्रायव्हर बदलता येतो, गादी बदलता येते, वायर बदलता येते. आतल्या कानातल्या पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी: ८३ डेसिबलला २० तास. बंद पाठीच्या हेडफोनचा मोठा लाभ इथे आहे. बाहेरचा गोंगाट कमी झाला की गाणं हळू लावूनही पुरतं. रस्त्यावर, दुचाकीवर आणि शेतात ट्रॅक्टर चालू असताना मात्र तो कानावर नको. मागून येणारी गाडी ऐकू यायलाच हवी.

तर मग कौल काय?

पैसे असे लावा. पहिले पैसे तुमच्या डोक्यावर नीट बसणाऱ्या, चष्म्यासकट फट न ठेवणाऱ्या हेडफोनला. शक्य असेल तर विकत घेण्याआधी आपली गाणी लावून अर्धा तास ऐका. ऑनलाइन घेत असाल तर परतीची अट आधी वाचा. दुसरे पैसे दर काही वर्षांनी नव्या गादीला. तिसरे पैसे चांगल्या मुद्रणांना आणि मैफलींच्या तिकिटांना. वायरीला पैसे लावायचे ते ती तुटली, आखूड पडली किंवा खरखरली तरच. आणि तेव्हाही मजबूत पिनेची, मऊ, साध्या तांब्याची केबल भरपूर झाली.

वायरीत घालायला निघालेले दहा हजार वाचले, तर गावातल्या भजनी मंडळाला एक चांगला माइक घेऊन द्या. त्याने सुधारलेला आवाज सगळ्या गावाला ऐकू येईल.